तपासनिसांचा कंप्युटर

दुपारी सव्वातीनला दिवे गेले, तेव्हा तपासनीस टेबलावर पांढरी चादर अंथरून स्पाइक गार्डचा फोटो काढत होते. विजेचा दाब अचानक वाढला तर हा स्पाइक गार्ड स्वतः झटका झेलतो आणि त्याला जोडलेली यंत्रं वाचवतो, असं त्यांच्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात लिहिलेलं होतं. त्याच प्रकरणासाठी हा फोटो हवा होता.

तपासनिसांनी आयुष्यभर लोकांच्या घरांतलं विजेचं काम तपासलं होतं आणि निवृत्त झाल्यावर 'घर, वीज आणि शहाणपण' नावाचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. दोन वर्षं ते रोज सकाळी कंप्युटरसमोर बसत. पुस्तक आता पुरं होत आलं होतं आणि शुक्रवारी प्रकाशकाकडे जायचं होतं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती, कारण प्रत काढायचं काम त्यांनी पुस्तक पुरं झाल्यावर करायचं ठरवलं होतं.

फोटोसाठी स्पाइक गार्ड काढला, म्हणून त्यांनी कंप्युटर थेट भिंतीतल्या प्लगला लावला होता. पाच मिनिटांचं तर काम! त्या प्लगच्या वर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. 'नियम पहिला : दिवे गेले की आधी प्लग काढावा. नियम दुसरा : कंप्युटरच्या प्लगला माझ्याखेरीज कोणीही हात लावू नये.' दुसऱ्या नियमाला कारण घडलं होतं. बायकोने एकदा इस्त्री लावायला तो प्लग उपसला आणि त्यांची दोन पानं गेली. त्यावर ते तीन दिवस घुम्यासारखे वागले होते.

दिवे गेल्यावर खिडकीतला उजेड फोटोला फारच छान वाटू लागला. तपासनीस एक डोळा मिटून कोन साधत राहिले. तेवढ्यात दिवे आले, आणि आले ते असे, की दिवा पांढराफटक पेटला, पंखा कधी नव्हे इतका गरगरला आणि टेबलाखालून 'फट्' असा आवाज झाला.

"काय फुटलं हो?" शेजारच्या खोलीतून बायकोने विचारलं. ती तिथे विजेच्या मशीनवर शिवायला बसली होती.

"काही नाही."

"मग जळका वास कसला येतोय?"

"बाहेरून येतोय!"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने धूर पाहिला, टेबलावर ऐटीत पहुडलेला स्पाइक गार्ड पाहिला आणि भिंतीवरचा कागदही पाहिला. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"पुस्तक गेलं का हो?" तिने हळूच विचारलं.

"माहीत नाही," तपासनीस म्हणाले. "आणि हे बघ, बाहेर कोणाला बोलू नकोस. इमारतीच्या प्रत्येक सभेत मी सगळ्यांचे कान किटवलेत. आता तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

त्यांनी कंप्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि चोरपावलांनी जिना उतरायला सुरुवात केली. पहिल्याच वळणावर समोरच्या घरातल्या गाणं शिकवणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्याही काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं.

"काय नेताय साहेब?"

"शिलाई मशीन. बिघडलंय."

नेमकं त्याच वेळी वरून बायकोच्या मशीनचा खडखडाट सुरू झाला.

"हे दुसरं," तपासनीस म्हणाले. "तुमचं काय?"

"इस्त्रीची फळी," बाई घाईघाईने म्हणाल्या आणि भराभर खाली गेल्या.

दुरुस्तीच्या दुकानात निम्मी इमारत बसलेली होती. कोणाच्या मांडीवर टीव्ही होता, कोणाच्या ओव्हन. गाणाऱ्या बाईंची इस्त्रीची फळी उघडली होती आणि तिला काळ्यापांढऱ्या पट्ट्या होत्या. तपासनिसांना पाहताच, मास्तर वर्गात आल्यासारखे, सगळे गप्प झाले.

"रागावू नका साहेब," दातांचे डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगितलेला स्पाइक गार्ड आणायचा राहूनच गेला."

"मी आणला होता," बाई म्हणाल्या, "पण अजून खोक्यातच आहे."

खरं बोलून टाकायची हीच वेळ होती. पण इतकी माणसं माना खाली घालून समोर बसलेली पाहिली आणि तपासनिसांना राहवलं नाही. मांडीवरचं गाठोडं सांभाळत ते म्हणाले, "मी घसा फोडून सांगत होतो. पाच मिनिटांसाठीसुद्धा हयगय करायची नाही!"

"साहेब, तुमच्या चादरीत काय आहे?" दुरुस्तीवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गाठ सोडली. जळका वास दुकानभर पसरला. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, आतली डिस्क काढून स्वतःच्या कंप्युटरला जोडली आणि तपासनीस उठून पडद्यासमोर आले. पडद्यावर सातवं प्रकरण उघडलं. डॉक्टरांनी चष्मा सावरून पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं :

"'ज्याच्या घरी कंप्युटर जळतो, त्याने विजेला दोष देऊ नये, आरशात पाहावे.'"

"आहे!" तपासनीस ओरडले. "पुस्तक आहे! सगळं आहे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले आणि ते खाली बसले. "फोटो काढत होतो हो," ते म्हणाले. "स्पाइक गार्डचा."

आधी बाईंना हसू फुटलं, मग डॉक्टरांना, आणि मग अख्खं दुकान हसलं. तपासनीसही हसले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "नुसता आतला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय उडालाय," दुरुस्तीवाला म्हणाला, "उद्या घेऊन जा. आणि आधी एक प्रत काढा." ती त्यांनी तिथेच काढून घेतली.

घरी आले तर बायकोचं मशीन चालूच होतं. ते बघत उभे राहिले आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, हे कसं वाचलं? इमारतीत सगळ्यांचं काही ना काही जळलंय."

"दिवे गेले तेव्हा प्लग काढला," बायको मान वर न करता म्हणाली. "नियम पहिला."

"म्हणजे तू माझं ऐकतेस?"

"इतकी वर्षं कानाशी चाललंय. न ऐकून सांगते कोणाला!"

तपासनिसांना भरून आलं. सबंध इमारतीत आपलं ऐकणारं एक माणूस होतं आणि ते आपल्याच घरात होतं. पुस्तक हिलाच अर्पण करायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली.

"मग त्याच वेळी माझ्या कंप्युटरचाही प्लग का नाही काढलास?"

बायकोने मशीन थांबवलं, दोरा दातांनी तोडला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"नियम दुसरा," ती म्हणाली.