मिस्टर गिल्डे आत नाहीत

माणसाला नाव जन्मल्यावर मिळते, पण ते नाव दारात उभे राहून कोणीतरी मोठ्याने पुकारेपर्यंत तो बॅरिस्टर होत नाही. आयर्लंडच्या न्यायव्यवस्थेचा पाया तो हाच. हा पाया मी एकतीस वर्षे स्वतःच्या घशावर तोलून धरला.

मी लॅरी ट्यूइट, डब्लिनच्या कोर्टातला पुकारेवाला. बॅरिस्टर लोक ज्या लायब्ररीत बसतात तिच्या दाराशी माझे टेबल होते, तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत फळ्या मारलेले. पक्षकाराचे कागद घेऊन सॉलिसिटर यायचा, हव्या त्या बॅरिस्टरचे नाव सांगायचा, मी ते नाव आत फेकायचो आणि तो बॅरिस्टर झगा सावरत बाहेर यायचा. लायब्ररीत पुस्तके होती की नाही हे मी कधी पाहिले नाही. (नसल्याची तक्रारही कधी आली नाही.)

बॅरिस्टरी हा अतिशय सभ्य धंदा आहे. पाटी लावायची नाही, जाहिरात करायची नाही, भागीदारी करायची नाही, आणि सॉलिसिटर मध्ये असल्याशिवाय पक्षकाराशी बोलायचे नाही. काम मागणे म्हणजे तर बाटणेच. सुरुवातीला एखाद्या जुन्या बॅरिस्टरच्या हाताखाली फुकट राबायचे. या काळात जुन्याला गुरू म्हणतात आणि नव्याला सैतान. (कामाची वाटणी पाहता नावे उलट हवी होती, पण परंपरेपुढे कोण बोलणार?) त्यानंतर लायब्ररीत एक खुर्ची मिळते. तिच्यावर बसून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची. ही वाट माझ्या वहीप्रमाणे सरासरी चार वर्षे दोन महिन्यांची असते. या काळात शंभरातले अठरा जण शिक्षक होतात, सात राजकारणात जातात, दोन पाद्री होतात आणि एकाचे सॉलिसिटरच्या मुलीशी लग्न ठरते. उरलेले शब्दकोडे सोडवतात.

फिन्टन गिल्डे उरलेल्यांपैकी होता. डोनेगॉलकडचा, उंच, पाठीत जरा वाकलेला, आणि माझ्या पाहण्यातला एकमेव बॅरिस्टर जो जाता-येता मला नमस्कार करायचा. तिथेच मला कळले होते की याचे काही खरे नाही. तीन वर्षे तो रोज साडेनऊला येऊन खुर्चीवर बसत होता. त्या तीन वर्षांत मी त्याचे नाव एकदाही पुकारले नाही.

त्र्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात तो जेवणाचा डबा घरी विसरला.

तो ज्यांच्याकडे राहायचा त्या त्याच्या आत्या, मिस अट्रॅक्टा गिल्डे, डबा घेऊन बसने आल्या. पोस्टात तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कोणाचीही भीड न बाळगणाऱ्या.

"आमच्या फिन्टनला बोलाव," त्या म्हणाल्या. "अंड्याचे सँडविच आहेत. खराब होतील."

सँडविचसाठी पुकारा करू नये असा नियम नव्हता. (नियम करणाऱ्यांना सुचला नसावा.) मी हाक दिली, "मिस्टर फिन्टन गिल्डे!" दोनशे टोपधारी माना वर झाल्या. कोणी आले नाही. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा, मोठ्या खटल्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात दिली. फिन्टन त्या वेळी शौचालयात होता आणि तिथे बसून ओ देणे त्याला बरे दिसले नाही. मी रिवाजाप्रमाणे जाहीर केले, "मिस्टर गिल्डे आत नाहीत."

शेजारी रॉसकॉमनचे सॉलिसिटर ह्यूबर्ट क्विर्क उभे होते. त्यांना हवा होता तो बॅरिस्टर एका हाकेत येऊन समोर उभा राहिला होता. क्विर्कनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांचे मन उडाले.

"हा गिल्डे कोण?" त्यांनी मला विचारले. "तीन-तीन हाका मारून सापडत नाही?"

"सापडत नाहीत खरे," मी म्हणालो. खोटे बोलायची मला सवय नाही.

क्विर्कनी हातातला गुलाबी फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "हा त्यांना द्या. सवड मिळेल तेव्हा बघा म्हणावं."

अशा रीतीने बॅरिस्टर गिल्डे यांच्या कारकिर्दीला अंड्याच्या सँडविचवर प्रारंभ झाला. आत्याबाईंना धंद्याचे मर्म माझ्या आधी कळले. फिन्टन हात पुसत बाहेर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मेल्या, तुझी आई गावभर सांगत फिरते की तू कोर्ट हलवतोस, आणि तीन वर्षांत तुला ही खुर्ची हलवता आली नाही. उद्यापासून मी रोज येईन. हाक ऐकली की तू यायचं नाहीस. एवढं तरी जमेल ना?"

जमले. रोज अकराला आणि दोनला आत्या येत, कधी हिरवी टोपी घालून तर कधी करडी, आणि मी तीन-तीन हाका देत असे. महिन्याभरात दुसरे सॉलिसिटरही नाव विचारू लागले, कारण जो माणूस सगळ्यांना हवा आहे तो आपल्यालाही हवा. प्रश्न राहिला तो फिन्टनने बसायचे कुठे याचा. शौचालय थंड होते. नदीकाठच्या चहाच्या दुकानात लोक ओळखत. शेवटी सगळ्यांत सुरक्षित जागा निघाली ती माझ्या टेबलाखाली. तिन्ही बाजूंना फळ्या होत्या आणि चौथ्या बाजूला माझे गुडघे. मी वरून त्याचे नाव पुकारत असे आणि तो खाली मांडी घालून कागद वाचत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दोन वर्षांतली त्याची प्रगती माझ्या वहीत आहे. दिवसाला पुकारे एक्केचाळीस. पैकी हजर, शून्य. हरलेले खटले, शून्य. (जिंकलेले खटलेही तेवढेच, पण तो आकडा कोणी विचारला नाही.) प्रत्येक तारखेला कोणी तरी उठून सांगे की मिस्टर गिल्डे दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत, आणि न्यायाधीश आदराने पुढची तारीख देत. एका गुरुवारी मिस्टर गिल्डे एकूण सव्वीस कोर्टांत गुंतले होते. त्या दिवशी इमारतीत चालू कोर्टे बावीस होती. यावर न्यायाधीशांच्या जेवणाच्या टेबलावर चर्चा झाली आणि माणूस कर्तबगार असल्याचे एकमताने ठरले. ज्येष्ठ बॅरिस्टरांना सरकार रेशमी झगा देते. त्या वर्षीच्या यादीत त्याचे नाव अग्रभागी असल्याची बातमी आली. बापाने आयुष्यभर मासळीच्या पेट्या उचललेल्या, आणि पोराच्या अंगावर रेशीम येणार. आत्यांनी दर्शनी भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकूनही ठेवला.

एवढ्या सगळ्यात क्विर्कनी दिलेला तो पहिला गठ्ठा राहून गेला होता.

तो नोरा हॅविलिन नावाच्या विधवेचा होता. वय बहात्तर. घरात नळ नाही. विहीर शेजारच्या पॅकी लोहनच्या रानापलीकडे, आणि तिथे जायची वाट त्या रानातून. चाळीस वर्षे ती त्या वाटेने पाणी आणत होती. मग लोहनने वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातले आणि बाई दीड मैलाचा वळसा घालून बादली वाहू लागल्या. फिन्टनने ते कागद पहिल्याच रात्री वाचून काढले होते. लोहनने शपथेवर लिहून दिले होते की, 'ही बाई चाळीस वर्षे रोज दोनदा माझ्या रानातून जाऊन मला वैताग आणते.' फिन्टनने त्याखाली लाल रेघ मारली. आमच्या कायद्यात वीस वर्षांची वहिवाट पुरते. लोहनने उदार मनाने दुप्पट कबूल केली होती.

म्हणजे केस उघड जिंकलेली. फक्त कोणीतरी उभे राहून ते एक वाक्य वाचायला हवे होते. पण फिन्टन उभा राहिला असता तर तो रिकामा होता हे जगाला दिसले असते. त्यामुळे नऊ तारखा पडल्या. दर तारखेला नोराबाई पहाटेच्या गाडीने यायच्या, चांगला कोट घालून, पिशवीत चहाचा थर्मास आणि सोडा-ब्रेड घेऊन. माझ्यासमोरच्या बाकावर बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. मला त्यांचे वाईट वाटायचे. मी दर वेळी त्यांना सांगायचो की साहेब फार कामात आहेत, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळायचा.

दहाव्या तारखेला न्यायाधीशांनी सांगितले की साडेअकरापर्यंत वकील आला नाही तर दावा काढून टाकीन. रेशमी झग्यांची यादी त्याच आठवड्यात निघायची होती. दारात सात सॉलिसिटर उभे होते आणि सरकारी वकिलांच्या कचेरीतला एक गृहस्थ सहज म्हणून येऊन उभा होता. मी तीन हाका दिल्या. खाली सँडविच चावल्याचा आवाज येत होता.

नोराबाई उठून टेबलापाशी आल्या.

"राहू द्या हो लॅरी, घसा बसेल तुमचा."

"अजून पाच मिनिटं आहेत, बाई."

"मी दोष नाही देत त्यांना. एवढा मोठा माणूस, माझ्या एका बादलीसाठी कुठे येणार? तुम्ही फक्त निरोप द्या. म्हणावं, सगळ्या गावाला सांगितलंय मी, माझा वकील गिल्डे आहे म्हणून. पॅकी लोहन घाबरतो त्या नावाला. हरले तरी तेवढं राहिलं माझ्याकडे." मग हातमोजे चढवत म्हणाल्या, "गुडघे मात्र राहिले नाहीत हो. त्या वळशाने घेतले."

खाली चावणे थांबले. माझ्या पायाला धक्का बसला. फिन्टनने कुजबुजत विचारले, "लॅरी, जरा बाजूला होतोस का?"

मी एकतीस वर्षांत कोणाला अडवले नाही. मी खुर्ची मागे ओढली.

मिस्टर फिन्टन गिल्डे टेबलाखालून रांगत बाहेर आले, फळीवर डोके आपटून घेतले आणि सरळ उभे राहिले. टोप तिरपा झालेला, झग्यावर अंड्याचा बलक. सात सॉलिसिटर आणि एक सरकारी गृहस्थ पाहत होते. फिन्टनने नोराबाईंची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चला, बाई. उशीर झाला, माफ करा."

अकरा मिनिटांत केस संपली. त्याने उभे राहून लोहनचे एक वाक्य वाचले आणि खाली बसला. फाटक महिनाअखेर निघाले. नोराबाई त्याचा हात दोन्ही हातांत धरून रडल्या, आणि खरे सांगायचे तर मीही नाक शिंकरले.

कारकिर्दीचे निधन त्याच दुपारी झाले. माणूस रिकामा असतो आणि हाक मारली की येतो ही बातमी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या इमारतीत पोचली होती. अतिपरिचयात अवज्ञा. सॉलिसिटरांनी दोन दिवसांत बावन्न गठ्ठे परत मागून नेले. यादीत त्याचे नाव नव्हते. आत्याबाईंनी येणे बंद केले. जाताना मला म्हणाल्या, "येतोच आहे, तर हाक कशाला मारू?" खिळ्यावर त्यांनी कॅलेंडर लावले.

पुढच्या वर्षी नोराबाई पुन्हा आल्या. लोहनची गुरे आता विहिरीत तोंड घालत होती. या वेळी क्विर्कही बरोबर होते.

"बोलावू गिल्डेंना?" मी विचारले. "आतच आहेत."

"तेच तर," नोराबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "माणूस देवासारखा आहे हो. पण चांगला वकील असा मोकळा बसलेला असतो का? मागच्या वेळी नशिबाने निभावलं. दुसरं कोणी आहे का मोठं?"

"मिस्टर डर्मट पर्सल आहेत."

"ते भेटतात?"

"अजून कोणाला भेटले नाहीत."

"मग तेच बघा," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला घरच्या लोण्याचा गोळा काढून टेबलावर ठेवला. "हे गिल्डेसाहेबांना द्या. मी दिलं म्हणून सांगा."

त्या गेल्यावर मी हाक दिली. फिन्टन पहिल्याच हाकेला आला. त्याने लोणी घेतले, आभार मानले आणि नोराबाईंचे गुडघे कसे आहेत ते विचारले.

तुम्हाला त्या बाईंचा राग आला असेल. येऊ द्या. दारात उभे राहून मला एक वाईट सवय लागली आहे. कोणाला हाक येते आणि कोणाला नाही हे मी बघत असतो. तुम्ही हे पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलेत, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला कोणीही बोलावले नाही. बोलावले असेल आणि तुम्ही ओ दिली नसेल, तर तुमचे भवितव्य उज्ज्वल आहे. नसेल बोलावले, तर काळजी करू नका. कोणी विचारले तर मी सांगेन, आत नाहीत म्हणून.