मोहरीलकाका आणि त्यांच्या बाई

मोहरीलकाका ओळख करून घेताना हात हातात घेतात, पण बघतात कानामागे. अमेरिकेत, ॲन आर्बरला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये ते राहतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "कवटी चांगली आहे बे तुझी. सांभाळ." माझं लग्न ठरवताना एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

काका मूळचे नागपूरचे, पन्नाशी ओलांडलेले, एकटे. डायनोसॉरांचं राज्य यायच्या आधीच्या, ट्रायासिक काळातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कवट्यांचा ते युनिव्हर्सिटीत अभ्यास करतात. सध्या हातात एकच कवटी आहे, तीही दगडात रुतलेली. दगड फोडायचा नाही. तो स्कॅनरमध्ये घालून त्याच्या पातळ कापांची हजारो चित्रं काढायची, आणि प्रत्येक चित्रात हाड कुठलं नि दगड कुठला, ते माउसने रंगवत बसायचं. या कवटीला काका 'आमच्या बाई' म्हणतात. बाई की बुवा, याचा काडीचाही पुरावा नाही, हेही त्यांनीच मला सांगितलंय.

"आमच्या बाईंचा आतला कान झाला आज!" असं ते जिन्यातून ओरडून जाहीर करतात. त्या कानावरून बाईंना काय ऐकू येत असेल, त्या मान कशी वळवत असतील, हे सगळं साभिनय. एकदा बसस्टॉपवर करून दाखवलं, तर शेजारचे दोन विद्यार्थी बर्फातून पायी निघून गेले.

गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माझ्या बायकोने, स्मिताने, उकडीचे मोदक केले होते. काकांनी एक सुरीने आडवा कापला, उजेडात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "स्मिता, डावीकडची भिंत जाड झाली." ती महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. तेव्हापासून घाण्यातला पहिला मोदक मात्र गुपचूप कापून बघते.

गेल्या वर्षी दोन महिने हाड म्हणून जे रंगवलं, ते भेगेत साचलेलं खनिज निघालं. मी असतो तर माउस भिंतीवर फेकला असता. काकांनी सगळं पुसलं, आम्हाला श्रीखंड आणलं आणि म्हणाले, "घाई कुणाला आहे? बाई वीस कोटी वर्षं थांबल्यात."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. नागपूरला त्यांची आई असते. दर रविवारी ती फोनवर विचारते, "कधी येतोस?" तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे काकांचं ओरडून दिलेलं उत्तर भिंतीपलीकडे आम्हालाही पाठ झालंय. "बाई पूर्ण झाल्या की येतो! घाई कुणाला आहे?" असं करत सहा वर्षं गेली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी काका लॅपटॉप घेऊन दारात उभे. चेहरा पांढराफटक. आई अंगणात पडली होती, डोक्याला लागलं होतं. धाकट्या भावाने स्कॅन पाठवला होता आणि मग त्याचा फोनच लागत नव्हता.

"तू बघ."

"मला काय कळणार, काका? मी सॉफ्टवेअरवाला."

"म्हणूनच तू बघ. मी उघडलं तर मला सगळं कळेल ना."

मी काय बघणार, कपाळ! भावाला फोन लावत राहिलो. शेवटी लागला. डॉक्टर म्हणाले होते, आत काही नाही, वरच टेंगूळ आहे. काका मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. स्मिताने न विचारता आल्याचा चहा टाकला.

चहा झाल्यावर काकांनी लॅपटॉप ओढला. चित्रं सरकवत सरकवत एका ठिकाणी थांबले.

"हा आईचा कान," ते म्हणाले. "वीस कोटी वर्षांपूर्वीच्या कानाला काय ऐकू येत होतं, ते जगाला सांगत फिरतो मी. आणि या कानाला सहा वर्षं एकच वाक्य ऐकवतोय."

त्याच संध्याकाळी मी त्यांना डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर सोडायला निघालो. रस्ता निसरडा होता, म्हणून जपून ड्राइव्ह करत होतो.

"मग बाईंचं काय?" मी विचारलं.

"त्या थांबतील. त्यांना सवय आहे," काका म्हणाले. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "तू जरा दामट ना बे. घाई आहे."