अकराची घंटा

शाळेच्या शिपाईमामांनी सिगारेट सोडली त्याला अकरा दिवस झाले होते. तोंडाला वास येतो म्हणून नात मांडीवर बसेना, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. उपाय मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी सांगितला होता. "तलफ आली की डोळे मिटायचे आणि शंभर श्वास मोजायचे. आकडा चुकला तर पुन्हा एकपासून." शिवाय साऱ्या शाळेला ताकीद होती, मामा ध्यानाला बसले की कुणी हाक मारायची नाही.

त्या दिवशी पावणेअकराला तलफ आली. अकराची घंटा द्यायला वेळ होता. मामा घंटेखालच्या स्टुलावर बसले. व्हरांड्यात तिरपं ऊन आलं होतं, त्यात खडूची धूळ सावकाश तरंगत होती. चाळीसपर्यंत ठीक चाललं. मग नात आठवली, आकडा निसटला. पुढच्या खेपेला सत्तरपर्यंत गेले आणि इतकं हलकं वाटलं, की ऊन कुठलं नि आपण कुठले कळेना. पुन्हा एक.

सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. घंटा नाही म्हणून तास संपेना. इतिहासाच्या बाईंचं युद्ध संपलं, तह झाला; त्यांनी नाइलाजाने दुसरं युद्ध काढलं. पहिलीची मुलं बाकांवर माना टाकून झोपली. चित्रकलेच्या वर्गातलं सफरचंद सावली देऊन देऊन काळं ठिक्कर पडलं.

मोठ्या बाई तरातरा आल्या आणि मामांसमोर थबकल्या. नियम त्यांचाच. त्या नुसत्या खोकल्या. पण मामांचा चेहरा इतका निवांत होता, की दुसऱ्यांदा खोकणं त्यांच्या जिवावर आलं.

बाराला मामांनी डोळे उघडले. समोर बाई आणि गणिताचे सर उभे होते.

"शंभर झाले," मामा हसले. मग घड्याळ दिसलं. "बाई, चुकलंच माझं. नोकरी तेवढी राहू द्या."

बाई बोलणार तोच सर म्हणाले, "थांबा बाई. दर घंटेला मी मागच्या भिंतीआड जाऊन एक ओढून येतो. आज घंटाच झाली नाही. पावणेदोन तास अपूर्णांक शिकवत होतो, आठवणसुद्धा आली नाही. मला पण बसवा यांच्याबरोबर."

"आणि घंटा?" मामांनी हळूच विचारलं.

"बघते मी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांचा मोकळा तास होता. दोन स्टुलांवर दोघं डोळे मिटून बसले. अकराला बाईंनी स्वतः टोला दिला. मात्र मोजणाऱ्यांचा आकडा चुकू नये म्हणून हातोडीला त्यांनी रुमाल गुंडाळला होता, त्यामुळे ती घंटा एकाही वर्गाला ऐकू गेली नाही.