पासपोर्टवाल्या खंदारे मॅडम

आमच्या शेजारच्या खंदारे मॅडम कुणालाही भेटल्या की आधी विचारतात, "पासपोर्ट काढला का?" समोर कोण आहे, काय आहे, काही बघत नाहीत. एकदा भाजीबाजारात मेथीची जुडी निवडता निवडता त्यांनी भाजीवाल्या मावशीलाच विचारलं. मावशी म्हणाली, "बाई, रेशनकार्डावरलं नाव दुरुस्त व्हईना अजून, ते तर होऊ द्या." एका लग्नात स्टेजवर गेल्या आणि नवरदेवाला पासपोर्टचा फॉर्म कसा भरायचा ते समजावत उभ्या राहिल्या. आहेर घेऊन उभ्या असलेल्यांची रांग मांडवाबाहेर गेली. आमच्या गल्लीतल्या शब्बीर ऑटोवाल्यानं तर त्यांच्या तगाद्याला कंटाळून पासपोर्ट काढलाच. गडी आजवर नांदेडच्या पुढं गेलेला नाही, पण सवारी बसली की पासपोर्ट दाखवल्याशिवाय ऑटो चालू करत नाही.

मॅडम मूळच्या पूर्णेजवळच्या चुडाव्याच्या, शेतमजुराची पोर. चाळीसेक वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून हॉलंडला गेल्या, शेतातल्या पाण्याचा निचरा कसा करायचा ते शिकून आल्या आणि इथं परभणीत कृषी विद्यापीठात जन्मभर तेच शिकवलं. तिकडून आल्या त्या पायाला भिंगरी लावूनच. लग्न नाही, संसार नाही. आज किनवट, परवा भूतान. आमच्याकडं चहा घेतात तोही उभ्यानं. बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "माणसानं हललं पाहिजे. पाणी साचलं की जमीन चोपण होती, काही उगवत न्हाई." पंगतीत पानातल्या भाताचे बांध घालून, बोटानं चर काढून वरण वाहतं करून दाखवतात. स्वतःचा भात संपला की शेजारच्याचा प्रयोगाला घेतात. मी दोनदा अर्धपोटी उठलोय.

हे सगळं लय मजेचं होतं, माझ्या घरापर्यंत आलं नव्हतं तोवर.

आमची ऋतुजा एकुलती एक. शेतीची पदवी झाली, आता इथंच कुठंतरी नोकरी लागेल या हिशोबात मी. मॅडमनं आधी तिचा पासपोर्ट काढायला लावला, मग अर्ज, मग मुलाखतीची तयारी, आणि एक दिवस पोरगी म्हणाली की हॉलंडला शिकायला नंबर लागला, दोन वर्षं. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाच शेवटी कळलं. माझं डोकं फिरलं. जायचं तर जा म्हणालो, मी स्टेशनावर यायचो नाही. त्यानंतर पंधरा दिवस तिच्याशी अबोला. मॅडमना तर मी कंपाउंडवरून सरळ ऐकवलं की तुम्हाला लेकरू असतं म्हणजे कळलं असतं. त्या आत निघून गेल्या. बोललो खरा, आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

जायचा दिवस आला. दुपारची हैदराबादची गाडी, तिथून विमान. दारात शब्बीरचा ऑटो उभा. बायको पोरीच्या हातावर दही ठेवत होती आणि मी आतल्या खोलीत पेपर तोंडापुढं धरून बसलेलो. एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. मॅडम आत आल्या आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या.

"माझे वडील, अण्णा, असंच म्हणाले होते, मी काही स्टेशनावर यायचो न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "मी परभणीला गाडीत बसले. सगळा फलाट बघितला, आलेच न्हाईत. मग मला बी राग आला. तोंड फिरवून बसले. पूर्णा गेली, आमचं चुडावा गेलं. मी बाहेर बघितलंच न्हाई."

मी पेपर खाली ठेवला.

"अण्णा चुडाव्याच्या फलाटावर उभे होते. एक्सप्रेस तिथं थांबत न्हाई, साऱ्या गावाला ठाऊक. तरी सकाळपासून उभे, भाकरी बांधून घेऊन. परत आल्यावर आईनं सांगितलं."

"मग अण्णांना विचारलं का तुम्ही?"

"ते कुठले असायला? मी तिकडं असतानाच गेले."

माफी मागायची होती, ती जमली नाही. उठलो, चपला घातल्या आणि ऑटोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो; मागं पोरगी, बायको आणि मॅडम.

पोरीला जागेवर बसवून उतरणार होतो. गाडी हलली तरी उतरलो नाही. बायको फलाटावरून हाका मारत राहिली. टीसी दिसला तरी घाम फुटणारा माणूस मी, आयुष्यात पहिल्यांदा विनातिकीट बसलो. मॅडमही आमच्याबरोबर गाडीत चढल्या होत्या, पण त्या तर उतरायच्या बेतानं चढल्याच नव्हत्या. पिंगळी गेली. पूर्णेला उतरू म्हटलं, तर ऋतुजानं माझा हात धरून ठेवला होता. पूर्णाही गेली.

मग मॅडम उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या. चुडावा आलं. गाडी थांबायचा प्रश्नच नव्हता, स्टेशन भरकन मागं गेलं. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. मॅडमनी हात वर केला आणि स्टेशन दिसेनासं होईपर्यंत हलवत राहिल्या.

ऋतुजा माझ्याकडं वळली. "बाबा, कुणाला हात करायल्यात मॅडम?"

"त्यांच्या वडलांना," मी म्हणालो.