पत्राचा फुकट फोटो

रविवारी सकाळी चहा घेता घेता मी बाबांना सहज म्हणालो, "त्यात काय बाबा, फाइलचा फोटो करायचा आणि पाठवून द्यायचा. पाच मिनिटांचं काम. शिवाय फुकट." (मी ज्या ज्या कामाला पाच मिनिटं म्हणतो, त्या त्या दिवशी बायको जेवणाची वेळ पुढे ढकलते.)

प्रकरण तसं नाजूक होतं. बाबा आणि आत्या सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजी गेल्यावर तिचं शिवणाचं मशीन बाबांनी आत्याला न विचारता भंगारात दिलं. आत्या म्हणाली, "एकदा विचारलं असतंस तर?" बाबा म्हणाले, "ठेवायला जागा तरी होती का तुझ्याकडे?" एवढ्यावर बोलणं थांबलं ते थांबलंच. आता मंगळवारी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला, त्यामुळे भरवसा काय तो याच डोळ्याचा. तिच्या सुनेने ही बातमी माझ्या बायकोला फोनवर सांगितली, तेव्हा बाबा शेजारी पेपर वाचत होते. पाऊण तास त्यांनी पान उलटलं नाही. मग म्हणाले, "तिला एक पत्र लिहायचंय. ऑपरेशनच्या आधी तिने स्वतः वाचायला हवं."

"त्यापेक्षा फोनच करा ना," मी म्हणालो.

"फोनवर मी भांडेन. मला माहीत आहे मी कसा आहे ते."

पोस्टाने पत्र पोचलं नसतं. हाताने लिहून त्याचा फोटो पाठवावा, तर बाबांचा हात हल्ली कापतो, आणि आपलं कापरं अक्षर धाकट्या बहिणीने बघावं हे त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचं असं ठरलं. मलाही हुरूप आला. सव्वीस वर्षं मी ऑफिसात इतरांच्या पत्रांचे मसुदे तपासतोय. खोडलेला मजकूर लाल होऊन रेघेखाली जातो, नवा काळ्या अक्षरात येतो, शेरे समासात बसतात आणि शेवटी एक बटण दाबलं की लाल सगळं लपून समोर फक्त स्वच्छ पत्र दिसतं. त्या सवयीनेच मी बसलो.

बाबा सांगत गेले. "मुंगे, मशीन मी तुला न विचारता दिलं. चुकलं माझं. पण तूही काही कमी नाहीस. माझी एक पेन्सिल धड ठेवली नाहीस तू लहानपणी, सगळ्या कुरतडल्यास." (आत्याचं वय एकाहत्तर.) मी 'मुंगे' खोडून 'प्रिय भगिनीस' केलं. पेन्सिलींचं प्रकरण पूर्ण गाळलं आणि तिथे 'उभयपक्षी काही गैरसमज झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं घातलं. समासात शेरा मारला: 'आत्या तापट आहे. हे वाक्य नको.' पुढच्या एका वाक्यापुढे लिहिलं: 'फार भावनिक. गाळावे.' शेवटचं बटण दाबून पत्र डोळ्यांसमोर आणलं आणि माझं मलाच कौतुक वाटलं. बाबांना काही ते दाखवलं नाही. साहेबांना तरी आम्ही कुठे दाखवतो, नुसती सही मागतो.

फोटो करायचं कारण म्हणजे आत्याचा फोन. फोटो ती दोन बोटांनी मोठा करून वाचते. पण फाइल उघडायला गेली की फोन विचारतो, कशात उघडू? आणि फोनने काहीही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं, असं तिच्या सुनेने तिला बजावून ठेवलंय.

मी फुकट साइट शोधायला लागलो. पहिलीने फोटो झकास काढला, पण सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षरांना देऊन टाकल्या. दुसरीने पत्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वतःचं नाव छापलं, तेही बाबांच्या माफीवर. तिसरी म्हणाली, पहिलं पान फुकट. पत्र दोन पानांचं होतं.

"अहो, स्क्रीनचाच फोटो काढा ना फोनने," बायको म्हणाली.

"अगं, त्यात आपली ट्यूबलाइट येते."

"मग बंद करा ट्यूबलाइट."

असल्या बिनतांत्रिक सूचनांना मी उत्तर देत नाही. बारा वाजता चौथी साइट सापडली. वेलांट्या जागेवर, नाव नाही, पानं दोन्ही. चित्रं स्क्रीनवर नखाएवढी दिसत होती. मी ती तशीच उतरवून आत्याला धाडली आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर बायको कॉम्प्युटरसमोर. तिने चित्र मोठं केलं होतं. "अहो, हे लाल लाल काय आहे?"

माझं बटण त्या साइटला ठाऊक नव्हतं. खोडलेलं, घातलेलं, समासातले शेरे, तिने इमानेइतबारे सगळ्याचा फोटो काढला होता. मी फोनवर झडप घातली. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाईत अंगठा चुकीच्या जागी पडला आणि पत्र फक्त माझ्यासाठी पुसलं गेलं. आत्याकडे ते सुखरूप होतं.

बायको वाचत होती. मग तिने एक लाल ओळ मोठ्याने वाचली. "'तुझ्याशिवाय आईबद्दल बोलायला मला आता कुणी उरलेलं नाही.' हे तुम्ही खोडलंत?"

सकाळी टाइप करताना ते वाक्य मला फार भावनिक वाटलं होतं. आता ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला स्वतःची लाज वाटली. सकाळभर बाबा माझ्या शेजारी बसून हे बोलत होते आणि मी मसुदा तपासत होतो.

बाबांना सांगणं भाग होतं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली.

"मुंगी खोडलीस?"

"हो."

"आणि भगिनी कोण ही?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आत्याच होती. बाबांनी फोन कानाला लावला. मग पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "दादा, पेन्सिली मी एकटीने नाही कुरतडल्या. निम्म्या तू कुरतडल्यास आणि आईला माझं नाव सांगितलंस!"

"खोटं बोलू नकोस!" बाबा ओरडले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर उभा. आतून भांडणं ऐकू येत होती, मधेच हसणं, मग आजीबद्दल काहीतरी. बायकोने मला तिथून हलवायचा प्रयत्न केला नाही. तासाभराने दार उघडलं आणि बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

"आत्या, मी..."

"तापट कोण रे?"

"चुकलं आत्या."

"असू दे. मंगळवारी तू दादाला घेऊन ये. मला आत नेतील तेव्हा तो समोर हवा." मग ती म्हणाली, "आणि एक काम कर. ते लाल रेघेतलं पत्र फार छान आहे. डोळा बरा झाला की पुन्हा वाचणार आहे मी. फक्त त्यात मधे मधे काळ्या अक्षरात कुठल्या तरी ऑफिसची नोटीस मिसळलीय बघ. ती तेवढी काढून परत पाठव."