हेमराजची मिशी आणि अप्पांची शोकसभा

हेमराजने सोमवारी सकाळी न्हाणीघरात मिशी काढली आणि बाहेर येऊन चहाला बसला. त्याच्या बायकोच्या, चेतनाच्या हातातली गाळणी खाली पडली.

"ओ माय! अप्पा जित्ता शेतस ना?"

"शेतस वं. नाटकसाठे काढी. मायनं काम करनारी ममताना पाय मोडना, आते ते मालेच करनं शे."

चेतना गाळणी उचलायचंही विसरली. मिशी म्हणजे काय गंमत आहे होय? बाप गेला की मुलाची मिशी जाते, डोक्यावरचे केस जातात. हेमराजचं डोकं निसर्गाने चाळिशीतच साफ केलं होतं. उरली होती ती मिशी, आणि आज तीही त्याने स्वतःच्या हाताने उतरवली होती.

"आठ दिनमा परत येस," हेमराज म्हणाला.

"आठ दिन लोके गप बसतीन का?"

लोके गप बसणार नव्हते. पण हेमराजला तेव्हा दुसरीच काळजी होती. नाटक रविवारी, आणि प्रयोगाला जागाच नव्हती. नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा सुरू झाली होती. दिग्दर्शक भूपेंद्रने फर्मान काढलं होतं, "हेमराजभाऊ, तुमनी वळख शे. शहर पालथं घाला, पन जागा काढा."

नाटक म्हणजे हेमराजचा जीव. दिवसा शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या आणि संध्याकाळी तालमीला पळायचं, असं तीस वर्षं चाललेलं. या तीस वर्षांत एकच माणूस त्याच्या नाटकाला आला नव्हता. त्याचे वडील, लोणखेड्याचे नथ्थूअप्पा. वय त्र्याऐंशी, अजून पपईच्या शेताला दिवसातून दोन फेऱ्या मारणारे. पाटलाच्या पोराने तोंडाला रंग लावून नाचावं, हे त्यांना कधी पटलं नाही. हेमराज प्रत्येक प्रयोगाची पत्रिका नेऊन द्यायचा. अप्पा ती नीट वाचायचे, चार घड्या घालायचे आणि तंबाखूच्या डबीखाली ठेवून द्यायचे. विषय संपला. आई, भिकुबाई, होती तोवर हळूच सांगायची, "येतीन रे कधी तरी." तिला जाऊन सहा वर्षं झाली. अप्पांनी एकदा, फक्त एकदा पहिल्या रांगेत बसावं, एवढंच हेमराजला आयुष्याकडून हवं होतं.

तर हेमराज शहर पालथं घालायला निघाला. पहिलं मोठं नाट्यगृह. तिथे आठवडाभर शाळांची स्नेहसंमेलनं लागलेली. पण तिथला रखवालदार भीमसिंग त्याला बघताच खुर्चीवरून उठला आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा गिलास पुढे केला.

"बठा भाऊ. कितला वरीसना व्हतात अप्पा?"

"त्र्याऐंशी," हेमराज बोलून गेला.

"चांगलं वय ऱ्हायनं. हाल त नही व्हयनात ना?"

हेमराजचा हात आपसूक ओठावर गेला. तोवर भीमसिंगचे डोळे भरून आले होते. एवढ्या भरल्या डोळ्यांच्या माणसाला "अहो, ते जिवंत आहेत" असं कसं सांगायचं? हेमराज पाणी प्यायला आणि मान खाली घालून निघाला. मान खाली घातल्यामुळे तर भीमसिंगची खात्रीच पटली.

दुसरी जागा समाजाच्या सभागृहाची. स्टेज उत्तम, पण त्याच्यावर लग्नाची पातेली माळ्यापर्यंत रचलेली. तिसरा मैदानातला उघडा मंच. तिथे एका तमाशा फडाचा मुक्काम पडला होता. त्यांचा सोंगाड्या बिनमिशीचाच, त्यामुळे दिवसभरात हेमराजला काही न विचारणारा तो एकटा निघाला. बाकी पानवाला, सायकलवाला, शाळेतला शिपाई, सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला. सांगायचं तरी किती जणांना? तीन जणांना सांगितलं, तर त्यांना वाटलं, बिचाऱ्याला अजून पटत नाही.

शेवटी उरलं शांतिलालशेठचं मंगल कार्यालय. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून येणाऱ्या रामलीलेसाठी तिथे सागवानी मंच बांधला होता. नंदुरबारात तसा दुसरा मंच नाही. पण एका नाटकवाल्याने त्या सागवानात खिळे ठोकले, तेव्हापासून वीस वर्षं शेठने तिथे नाटकाचं नाव काढू दिलं नव्हतं. हेमराज दारात उभा राहिला. शेठनी चष्मा वर करून त्याच्या ओठाकडे पाहिलं आणि गादीवरून उठून त्याला मिठीच मारली.

"अप्पा गयात आनि माले निरोपबी नही? तुन्हा बाप मन्हा बापना दोस्त रे! शोकसभाले हॉल पाहिजे ना? रविवारले संध्याकाळी सहाले हॉल तुन्हा."

"शेठ, मन्हं ऐका, कार्यक्रम जरा..."

"कार्यक्रम मोठा कर. मानूसबी तितलाच मोठा व्हता."

आता इथे खरं सांगूनच टाकू. हेमराजला बोलता आलं असतं. 'अप्पा जिवंत आहेत', तीनच शब्द होते, आणि ते जिभेवर आलेही होते. पण शेठच्या पाठीमागे तो सागवानी मंच दिसत होता. हेमराज गप्प बसला. तीस वर्षांत त्याने केलेला तो सगळ्यात वाईट अभिनय.

रात्र व्हायच्या आत शेठचा निरोप सगळ्या मोबाइलवर फिरला. बुधवारी चेतनाच्या अंगणात बायका दारवर, म्हणजे सांत्वनाला आल्या, रीतीप्रमाणे वेशीपासून रडत. चेतना ओरडून सांगत होती, "अप्पा बरा शेतस! सकायलेच बोलनू मी त्यास्नासंगे!" दुःखाने सुनेचं डोकं फिरलं, असं समजून त्या आणखी जोराने रडल्या. शेवटी चेतनाने सगळ्यांना चहा केला.

आणि गुरुवारी हेमराजच्या मोठ्या भावाचा, नवनीतचा लोणखेड्याहून फोन आला.

"काय करी ठेवं रे तू? अक्कलकुवाथून सोयरास्ना फोन उना, नथ्थूअप्पा गयात, खरं शे का. फोन अप्पानीच उचला."

"मंग?"

"अप्पानी इचारं, कव्हय गया? त्यास्नी सांगं, परवा. अप्पा म्हने, बरं. आनि फोन ठेवी दिधा."

"आते काय करी ऱ्हायनात?"

"काही बोली नही ऱ्हायनात. रविवारसाठे धोतर धोई ठेवा, इतलंच म्हनात."

हेमराजला शनिवारपर्यंत घास गिळवला नाही. बाप नाटक बघायला यावा म्हणून तीस वर्षं झुरलो आणि शेवटी नाटकापायी त्याला जिवंतपणी मारून बसलो, असं तो चेतनाजवळ बोलला आणि लहान मुलासारखा रडला. चेतना उठली. तिने ट्रंकेतून भिकुबाईचं हिरवं लुगडं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मायनं काम शे ना? मंग मायनंच नेसा."

रविवारी सहाला कार्यालय तुडुंब भरलं. भूपेंद्रच्या नाटकाला आजवर साठाच्या वर डोकी मोजलेली नव्हती. आज चारशे होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत, चिडीचूप. मंचाच्या कडेला अप्पांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. आणि दारातून, कडक धोतर नेसून, काठी टेकत नथ्थूअप्पा स्वतः आत आले.

कोणी किंचाळलं, कोणी पाया पडायला धावलं. शांतिलालशेठ चष्मा वर करून एकदा फोटोकडे, एकदा अप्पांकडे बघू लागले. अप्पा फोटोपुढे थांबले.

"फोटो चांगला शे. हार काढा," ते म्हणाले. मग पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसून मागे वळले. "उनातच त आते बठा. खेळ दखीसन जा."

कोणाची टाप होती उठायची! शेठसुद्धा खिळ्यांचं नाव न काढता बसले.

पडदा वर गेला. चुलीपुढे हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी एक गुडघा वर घेऊन बसली होती. भाकरी उलटताना पदर खांद्यावरून सारखा घसरत होता आणि ती तो दरवेळी मनगटाने वर ढकलत होती. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आई बसायची तसा तो बसला होता, बस्स. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

म्हातारीने दाराकडे बघून हाक मारली, "भाकर वाढी शे. येतस ना?"

नाटकात यावर उत्तर नव्हतं. पण पहिल्या रांगेतून, शेतातून परतताना 'आलो' म्हणणाऱ्या माणसाच्या सवयीच्या आवाजात उत्तर आलं.

"उनू वं, उनू."

चारशे माणसांत कोणी हसलं नाही. मंचावर हेमराजला पुढचं वाक्य आठवेना. तो तसाच दाराकडे बघत राहिला, आणि नंतर लोक म्हणाले की त्या म्हातारीचं वाट बघणं फार खरं वाटलं.

प्रयोग संपल्यावर अप्पा रंगपटात आले. हेमराज लुगड्यानिशी त्यांच्या पायावर पडला.

"अप्पा, चुकनं मन्हं. उद्यापाइन मिशी राखस."

अप्पांनी वाकून लुगड्याचा पदर जमिनीवरून उचलला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर नीट ठेवला.

"पुढला खेळ कव्हय शे?"

"होळीनंतर... अक्कलकुवाले."

"मंग तवलगून मिशी राखू नको," अप्पा म्हणाले. "लोकेस्ले मी सांगसू, मी जित्ता शे म्हनीसन."