गच्चीवरील दिवा मालवून अतिनवतारा साधिला त्याची हकीकत

समस्त बिऱ्हाडकरू मंडळींचे सेवेशी, तळमजल्यावरील टपालपेट्यांजवळ उभे राहून जे ऐकिले आणि गच्चीच्या दारातून जे डोळां पाहिले, ते पदरचे फारसे न घालता लिहिले असे. लेखकाचे कोणाशी वैर नाही. गच्चीतील कपड्यांच्या दोरीवर लेखकाची पाटलोण वाळत नव्हती, सबब तो निःपक्षपाती जाणावा.

चौथ्या मजल्यावर चष्मेवाले राहत. दिवसा दुकानी बसून लोकांचे नंबर काढावे आणि अंधार पडताच दुर्बीण खांद्यावर घेऊन गच्चीस कूच करावे, ऐसा बावीस वर्षांचा शिरस्ता. त्यांची सारी निष्ठा एका सर्पिल दीर्घिकेवर. ती म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची दौलत, मध्ये तेजाची गादी आणि भोवती दोन लांब वळणदार हात. आणि शंभर वर्षांत तीत दहा तारे फुटोन अतिनवतारे म्हणून प्रगट जाहले, ऐसा तिचा लौकिक. अकरावा आपण धरावा ही चष्मेवाल्यांची उमेद. दोन वर्षांमागे त्यांनी एक ठिपका धरिलाही, आणि वेधशाळेस खलिता रवाना केला, आणि मग तपासाअंती तो ठिपका कॅमेऱ्याच्या काचेवर माशीने केलेला निघाला. तेव्हापासून सारी इमारत त्यांस ‘माशीवाले’ म्हणू लागली. दूधवाला म्हणे, गिऱ्हाईकही म्हणे. चष्मेवाले वरवर हसत, परंतु दुकानाची काच दिवसातून चार वेळा पुसू लागले.

हे नाव ज्यांनी ठेविले ते इमारतीचे सचिव, पहिल्या मजल्याचे धनी, आणि नात्याने चष्मेवाल्यांचे थोरले साडू. त्यांची एक करडी पाटलोण गच्चीवरून नाहीशी जाहली, म्हणोन त्यांनी तेथे मोठा दिवा रात्रभर जळत ठेविला. त्या उजेडात चोर कधी दिसला नाही, आणि तारेही दिसेनासे जाहले.

मग एका सोमवारी दिवा आपोआप गेला, आणि चष्मेवाल्यांनी ती संधी साधून दीर्घिकेचे छायाचित्र घेतले, आणि मंगळवारी सकाळी जुन्या चित्राशेजारी ठेवून पाहतात तो तिच्या डाव्या हातावर नवा ठिपका. त्यांनी कुटुंबास पाचारण केले. बाईसाहेब रफूचे काम करीत. कापडातला एक धागा चुकला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी दोन्ही चित्रे निरखिली आणि फर्माविले, “हा आधी नव्हता. पण इतक्यात कळवू नका. आज कॅमेरा फिरवून पुन्हा फोटो काढा. घाण असेल तर कॅमेऱ्याबरोबर फिरेल. तारा असेल तर जागा सोडायचा नाही.”

त्याच दुपारी सचिवांनी दुप्पट ताकदीचा नवा दिवा बसविला.

चष्मेवाले अर्ज घेऊन पहिल्या मजल्यावर गेले. हुकूम जाहला की पाटलोणीची हमी कोणी देत नाही तोवर दिवा विझणार नाही, आणि माश्या उजेडातही दिसतात. चष्मेवाले पडेल तोंडाने परतले. मग बाईसाहेब सुई पदरास टोचून स्वतः चालोन गेल्या.

“भाऊजी, नऊ ते अकरा दिवा बंद ठेवा. कपड्यांची एवढी काळजी असेल तर खुर्ची टाकून तुम्हीच बसा.”

सचिव काही बोलणार, तोच त्यांच्या कुटुंबाने आतून निमूटपणे खुर्ची आणून दारात ठेविली. तेणेंकरून तह जाहला.

नऊ वाजता दिवा मालवला. सचिव दोरीखाली पहाऱ्यास बसले. चष्मेवाल्यांनी कॅमेरा फिरविला, आणि चित्र घेतले, आणि खातरजमेस पुन्हा घेतले. ठिपका जागचा हलला नव्हता. त्यांस रडू आले. सचिव अंधारात चाचपडत जवळ आले.

“कधी फुटला म्हणायचा हा?”

“अडीच कोटी वर्षं झाली. उजेड आत्ता पोचतोय.”

“म्हणजे आता तो नाहीच?”

“नाही.”

सचिव बराच वेळ वर पाहत राहिले, आणि पाटलोणीकडे त्यांची पाठ होती.

रात्रीच वेधशाळेस खलिता गेला, आणि दुसरे दिवशी जाब आला की तारा खरा आहे. आपल्याआधी सात जणांनी कळविला, आपला क्रमांक आठवा. चष्मेवाल्यांनी पहिले वाक्य वाचिले आणि कागद घडी करून खिशात घातला. सायंकाळी फलकावर सचिवांच्या सहीने हुकूम लागला: चौथ्या मजल्यावरील गृहस्थांस यापुढे माशीवाले म्हणू नये. ठिपका खरा होता. नाव ठेवणारा चुकला.

ऐशी फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे. तो तारा चार महिन्यांत मावळला. दिवा मात्र अद्याप नऊला मालवतो, आणि सचिव खुर्ची घेऊन पहाऱ्यास म्हणोन वर जातात. पाटलोणी हल्ली घरातच वाळतात.